डिझर्टेशन टाकलं, आता गणपतीला बेळगाव गाठायचं की ग्रॅज्युएट व्हिसासाठी थांबायचं?

यूकेत वर्षाचं मास्टर्स करणाऱ्या बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या पोरांना ऑगस्ट आला की हा प्रश्न पडतोच, यंदा जरा जास्तच, कारण गणपती १४ सप्टेंबरला बसणार आणि बऱ्याच जणांचं सबमिशन त्याच्या आगेमागेच आहे. घरून रोज फोन, "कधी येऊलास?", आणि इकडं हॉल, म्हणजे युनिव्हर्सिटीचं हॉस्टेल, रिकामा करायचा मेल येऊन पडलेला.

तुलना करायच्या आधी एक बघा. तुमच्या कोर्सची अधिकृत शेवटची तारीख कुठली? सबमिशनची नव्हे, युनिव्हर्सिटीच्या कागदावरची. कोर्स बारा महिन्यांचा किंवा त्याहून कमी असेल तर ग्रॅज्युएट व्हिसासाठी, म्हणजे शिक्षण संपल्यावर तिथं राहून नोकरी करता येते त्या व्हिसासाठी, तो पूर्ण यूकेत राहून केलेला लागतो, त्यामुळं "उरलेलं घरी बसून लिहितो की" म्हणून जुलैतच बॅग भरली तर पुढची वाट बंद होऊ शकते. आणि मास्टर्सवाल्यांना उन्हाळा म्हणजे सुट्टी नसते, त्या तारखेपर्यंत कामाची मर्यादा आठवड्याला २० तासच. हे आधी इंटरनॅशनल ऑफिसला विचारून घ्या, मित्राला नको.

आता घरी येण्याची बाजू. खर्च तिथंच थांबतो, हा मोठा फायदा. हॉलचं भाडं संपतं, नवीन खोली शोधायची कटकट नाही. पार्ट टाइम पगारातून टॅक्स कापला गेला असेल तर निघताना पी-८५ हा टॅक्सचा फॉर्म भरून रिफंड मागता येतो, कारण यूकेचं टॅक्सचं वर्ष ६ एप्रिलला सुरू होतं आणि सप्टेंबरमध्ये निघालात तर १२,५७० पौंडांची करमुक्त मर्यादा बहुतेकांची भरलेलीच नसते. पगारातून कापलेला नॅशनल इन्शुरन्स मात्र गेला तो गेला. रिफंड आणि खोलीचं डिपॉझिट येईपर्यंत तिथलं बँक खातं बंद करू नका.

डिपॉझिटवरून आठवलं, आपल्या पोरांचं डिपॉझिट हमखास किचनमध्ये अडकतं. पांढऱ्या ओट्यावर हळदीचा पिवळा डाग, शेगडीमागच्या टाइल्सवर फोडणीचं तेल, आणि खोली घेताना फोटो काढलेले नसतात, मग घरमालकाशी वाद घालणं अवघड जातं. फोटो नसतील तर निदान आता घासून पुसून काढा, हळदीवर बेकिंग सोडा लावून ठेवा, नाहीतर क्लिनिंगच्या नावानं सरळ कापतात. कुकर आणि मिक्सर खालच्या बॅचला देऊन टाका, बॅगेत तेवढं वजन मावत नाही.

थांबायची बाजू बघायची तर तिथं हिशोब वेगळा आहे. ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत अर्ज केला तर ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा, १ जानेवारी २०२७ पासून दीड वर्षाचाच. म्हणजे स्टुडंट व्हिसा जानेवारीपर्यंत आहे म्हणून निवांत बसलेला माणूस सहा महिने घालवून बसणार. अर्जासाठी कॉन्व्होकेशनची वाट बघायची गरज नाही, कोर्स पूर्ण झाल्याचं युनिव्हर्सिटीनं होम ऑफिसला कळवलं की झालं, आणि ते साधारण निकालानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतं. पण हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे पैसे, वर्षाला १,०३५ पौंड, दोन वर्षांचे २,०७० एकदम भरायचे, म्हणजे सव्वादोन लाखांच्या वर, अर्जाची फी आणखी वेगळी. त्यात सप्टेंबर ते नोव्हेंबर राहायला खोली, तिला यूकेतला गॅरंटर, म्हणजे भाड्याची हमी घेणारा माणूस, मागतात, आणि कोर्स संपला की स्टुडंट म्हणून असलेली काउन्सिल टॅक्सची (घरपट्टीसारखा कर) सूट पण संपते. हे तीन महिने घरच्यांना सांगताना कुणी धरतच नाही. कोर्सच्या तारखेनंतर फुल टाइम काम करता येतं, त्यातून भागतं, पण गोदामात शिफ्ट करून इंटरव्ह्यूची तयारी कितपत होते ते ज्याचं त्यानं बघावं.

दोन वर्षांनी काय, हे पण आत्ताच बघा. पुढं राहायला स्किल्ड वर्कर व्हिसा लागतो, त्यासाठी स्पॉन्सर करणारी कंपनी लागते, पगाराची अट साधारणपणे ४१,७०० पौंड, ग्रॅज्युएटवरून जाणाऱ्याला सवलतीत ३३,४००. तुमच्या फील्डमध्ये सुरुवातीचा पगार तेवढा नसेल तर दोन वर्षं राहून परत यायचंच आहे. लोन मोठं असेल तर तेही चालतं, पौंडात कमावून हप्ते फिटतात, मोरॅटोरियममध्ये, म्हणजे हप्ते सुरू व्हायच्या आधीच्या मुदतीत, व्याज चढत असतंच. घरचा उद्यमबागेत कारखाना आहे किंवा हत्तरगीच्या एरोस्पेस सेझमध्ये ओळखीनं काम दिसतंय, तर मग दोन लाखांचा सरचार्ज कशाला?

तिसरी वाट बरेच जण विसरतात. गणपतीला या आणि परत जा. कोर्सची तारीख झाली असेल आणि स्टुडंट व्हिसाची मुदत शिल्लक असेल तर येऊन-जाऊन करता येतं, निकाल बाकी असल्याचं युनिव्हर्सिटीचं पत्र जवळ ठेवा, आणि परत जाऊनच अर्ज करा कारण तो यूकेत असतानाच करावा लागतो. अर्ज टाकल्यावर मात्र त्या अर्जाचा निर्णय होईपर्यंत भारतात यायचं नाही, आलात तर अर्ज मागे घेतला असं धरतात. तिकिटाचा खर्च डबल, तो परवडत असेल तरच.

मला विचाराल तर ऑगस्ट संपेपर्यंत तुमच्या फील्डचा एकही इंटरव्ह्यू कॉल आला नसेल आणि लोन घर पेलू शकेल एवढंच असेल, तर घरी या. गल्लीत लोक काय म्हणतील म्हणून व्हिसा विकत घेणं हा सगळ्यात महाग पर्याय. कॉल येत असतील, किंवा लोनपोटी घर गहाण असेल तर थांबा, आणि अर्ज नोव्हेंबरमध्येच टाका.

यायचं ठरलं तर सांबऱ्याच्या, म्हणजे बेळगाव विमानतळाच्या, फ्लाइटचं आणि मुंबईच्या स्लीपर बसचं आजच बघून ठेवा, चतुर्थीच्या आधी बसवाले वाट्टेल तो रेट लावतात. १४ तारीख नाही जमली तरी अनंत चतुर्दशी २५ ला आहे, आणि कपिलेश्वर तलावावरचं विसर्जन दुसऱ्या दिवशीपर्यंत चालतंच.