बोटं मोजून घ्या

आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेकीने वर्षभर हट्ट धरला म्हणून शेवटी लेपर्ड गेको, म्हणजे ठिपक्यांची पाळीव पाल, आणला. साताऱ्याला सासूबाईंना फोनवर सांगितलं, तर म्हणाल्या, "आम्ही इथं पाल झाडूने हाकलतो, आणि तुम्ही पैसे मोजून घरात घेताय?"

सरपटणाऱ्या प्राण्यांचा बाजार एका हॉलमध्ये भरतो, तिथल्या टेबलावर तो मिळाला. १५० डॉलर, रोख, पावती नाही. मागच्या एका पायाला चारच बोटं दिसली. विक्रेता म्हणाला, "जन्मतःच तसा आहे." मग त्याने निळी बाटली पुढे केली. कात सहज निघावी म्हणून खास स्प्रे, २२ डॉलर. हा मारला की ओलसर खोपा, म्हणजे कात टाकताना आत शिरायला दमट जागा, वगैरे काही लागत नाही म्हणे. तेव्हाच शंकेची पाल चुकचुकायला हवी होती, पण खरी पाल बघून लेक अशी नाचत होती की मी दोन बाटल्या घेतल्या.

डिसेंबरात हीटर सुरू झाला आणि घरातली हवा पापडासारखी कोरडी झाली. गेकोचा रंग पांढरट पडला, म्हणजे कात टाकायची वेळ आली. मी दिवसातून दोनदा स्प्रे मारत होते. अंगावरची कात निघाली, त्याने ती खाऊनही टाकली (तो खातोच, घाबरू नका), पण बोटांवर पांढरी वेटोळी राहिली, दोरा गुंडाळल्यासारखी. विक्रेत्याला मेसेज केला. लगेच उत्तर आलं, "डोस कमी पडतोय, अजून एक बाटली घ्या." तीही मागवली! आठवड्याभरात एक बोट काळं पडून गळालं.

मग सरपटणाऱ्या प्राण्यांची डॉक्टर शोधली. तिने भिंगाखाली पाहून सांगितलं की वाळलेली कात बोटाभोवती आवळत जाते, रक्त पोचत नाही आणि बोट जातं. गेकोची शेपटी तुटली तर पुन्हा येते, बोट येत नाही. आणि ते 'जन्मतःच' नसलेलं बोट? तेही असंच गेलेलं होतं, नुसता खुंट उरला होता. म्हणजे त्या माणसाकडेही याची कात अडकली होती. त्याने ती निस्तरली नाही, वर मला त्यावरचं औषध विकलं.

तिने उथळ डब्यात कोमट पाणी घेतलं, जेमतेम त्याचे पाय बुडतील इतकं. पंधरा मिनिटं त्याला त्यात ठेवलं आणि ओल्या कापसाच्या काडीने वेटोळी हळूहळू सरकवली. ओढायचं नाही. निघालं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. 'खोपा' म्हणजे तरी काय, आइस्क्रीमच्या डब्याला भोक पाडायचं, आत ओला पेपर टॉवेल किंवा शेवाळ ठेवायचं आणि डबा त्याच्या काचेच्या टाकीच्या उबदार बाजूला ठेवायचा. खर्च जवळजवळ शून्य.

बाटलीचं कोडं लेकीने सोडवलं. सिंकजवळ ओली होऊन तिचं लेबल सुटलं, तर खाली दुसरं लेबल. लहान मुलींच्या केसांचा गुंता सोडवणारा स्प्रे! डोळ्यांपासून दूर ठेवा, असंही त्यावर छापलेलं. डॉलर स्टोअरचा माल आणि मी ६६ डॉलर मोजले. फोटो काढून विक्रेत्याला पाठवला, त्याने नंबर ब्लॉक केला. बाजार भरवणाऱ्यांनी पावती मागितली. ती कुठून आणू?

तुम्ही असा प्राणी घ्यायला गेलात तर पायाची बोटं मोजा. एका पायाला पाच, चार पायांची वीस. एखादं कमी असेल तर ते कसं गेलं ते खोदून विचारा. बाटलीवर बनवणाऱ्याचं नाव आणि घटक नसतील तर ती टेबलावरच राहू द्या.

आमच्याकडे अठरा उरली आहेत. तो पांढरट दिसायला लागला की लेक आजीला व्हिडिओ कॉल लावते. तो डब्यात शिरतो, तासाभराने बाहेर येतो, आणि सासूबाई तिकडून विचारतात, "मोजलीस का गं?"