सिनॉलॉजी डीएस२२४ प्लस: नागपुरात लावताना

नेटवर्कवरून सगळ्यांच्या फाइली साठवणारं दोन डिस्कचं हे यंत्र (नॅस) छोट्या ऑफिससाठी उत्तम. पण शेअर्ड फोल्डर बनवतानाच ‘डेटा चेकसम’वर (डेटा बिघडला का हे ओळखणारा पडताळणी-आकडा) टिक करा, त्या फोल्डरला नंतर ती सोय मिळत नाही. चेकसमशिवाय रेड १ (दोन्ही डिस्कवर तोच डेटा ठेवायची पद्धत) मधल्या दोन प्रती जुळल्या नाहीत, तर खरी कोणती हे यंत्राला कळत नाही. तो असला की डेटा स्क्रबिंग (साठवलेल्या डेटाची तपासणी) खराब ब्लॉक दुसऱ्या डिस्कवरून दुरुस्त करतं. रॅन्समवेअरपासून (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) बचावासाठी इम्युटेबल स्नॅपशॉट (फोल्डरची त्या क्षणाची न बदलणारी प्रत) लावा, मुदत संपेपर्यंत ते अ‍ॅडमिनलाही पुसता येत नाहीत. डिस्क सीएमआरच (डेटाचे पट्टे एकमेकांवर न चढणारी) घ्या.

खरी अडचण उन्हाची. यंत्र चालवायला कंपनीने दिलेली तापमानाची मर्यादा ४० अंश, नागपूरचा मे ४५ गाठतो! एसीची खोली हवीच. कूलरच्या झोतात मुळीच ठेवू नका, ओल आत जाते. यूपीएस यूएसबीने जोडा.