अडीच लाख किलोमीटरनंतर : जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप ठेवावी की बदलावी?

गेल्या महिन्यात पिकअप रॅम्पवर चढवली, मागच्या चाकांच्या वरचा साचलेला चिखल पाण्याच्या झोताने काढला आणि चेसिस, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, ॲक्सलवरून वळसा घेऊन जिथे वर चढते, त्या ठिकाणी पेचकसाचे टोक टेकवून जोर दिला. त्याआधी हातोडीने ठोकत आलो होतो तेव्हा लोखंड सगळीकडे खणखणीत वाजले होते; येथे मात्र आवाज बद्द आला, रंगाचा पापुद्रा सुटला आणि पेचकस नखभर आत गेला. चौदा वर्षे जिच्यावर विसंबून राहिलो ती गाडी बदलावी का, हा विषय घरात दोन वर्षांपासून चालू होता. त्या काळात आम्ही इंजिनाचा, क्लचचा, टायरचा आणि डिझेलचा हिशेब अनेकदा मांडला, पण चेसिसचा हिशेब एकदाही मांडला नव्हता. हे परीक्षण मुख्यतः त्या चुकलेल्या हिशेबाबद्दल आहे, आणि अशाच गाडीबाबत अशाच निर्णयापाशी आलेल्या वाचकांसाठी आहे.

गाडी एक टन वहनक्षमतेची, डबल कॅब, डिझेल इंजिन आणि पाच गियरची आहे. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे, आणि गियरच्या दांड्याशेजारी फोर-व्हीलचा दुसरा छोटा दांडा. ही रचना जुनी असली तरी मोडीत निघालेली नाही. टोयोटाने १९६८ साली पहिली हायलक्स आणली तेव्हा तिला शिडीसारखी चेसिस आणि मागे पाटे होते, आणि इतक्या पिढ्यांनंतरही या वर्गातल्या बहुतेक पिकअप त्याच पायावर उभ्या आहेत, कारण भरलेला हौदा घेऊन खडकाळ वाटेने जायचे असेल तर त्याहून साधी आणि दुरुस्तीला सोपी मांडणी अजून फारशी कोणी दाखवलेली नाही.

तिच्यावरचा माझा विश्वास कशातून आला, हे सांगितल्याशिवाय पुढचे बोलणे अपुरे राहील. छोटा दांडा लो रेंजमध्ये, म्हणजे वेग घटवून ओढ वाढवणाऱ्या जादा गियरमध्ये, टाकला की पहिल्या गियरचे साधारण ४.३, लो रेंजचे २.५ आणि डिफरन्शियलचे, म्हणजे ॲक्सलच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गियरांचे, ४.१ हे आकडे एकमेकांशी गुणले जातात आणि इंजिनाचे चव्वेचाळीस फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. आयडलवर, म्हणजे मिनिटाला आठशेच्या आसपास फेऱ्यांवर, गाडी ताशी अडीच किलोमीटरच्या वेगाने, माणसाच्या रमतगमत चालण्याहूनही हळू पुढे सरकते. ओल्या, उभ्या उतारावर ब्रेकला पायही न लावता ती इंजिनाच्या अडीवर एकेक दगड उतरत जाते, आणि कोणते चाक कशावर टेकले आहे हे स्टिअरिंगमधून तळहाताला कळत राहते. चौदा वर्षांत तिने मला न सांगता काही बिघडवले नाही. चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा सांधा, म्हणजे क्रॉस, झिजला तेव्हा गाडी पुढे काढताना ‘टक्’ असा आवाज आला, बेअरिंग जायला आली तेव्हा वळणावर घरघर वाढली, क्लचप्लेट संपत आली तेव्हा चढावर इंजिनाचा आवाज चढे आणि वेग मात्र वाढत नसे. अशा गाडीवर जडलेला विश्वास म्हणजे बव्हंशी तिच्या कुरबुरींची ओळखच असते.

त्यामुळे दुरुस्तीच्या बिलांवरून गाडी काढायला मी तयार नव्हतो आणि आजही नाही. इंजिन ठणठणीत आहे. चालू इंजिनावर ऑइलचे झाकण उघडले तर धुराचा लोट येत नाही, आणि चारही सिलिंडरांचे कंप्रेशन जवळपास सारखे आले. शॉक ॲब्सॉर्बर, बुश, पाटे, रेडिएटर, क्लच या गोष्टी झिजण्यासाठीच असतात. त्या बदलल्या की गाडी पूर्ववत होते. सगळी कामे एकदम आली तर आकडा मोठा दिसतो, पण तो नव्या गाडीच्या किमतीशी ताडून पाहावा, जुन्या गाडीच्या आजच्या बाजारभावाशी नव्हे. ‘गाडीच्या किमतीपेक्षा खर्च जास्त होतो आहे’ हे वाक्य मी अनेकांकडून ऐकले आहे. त्यात तुलनाच चुकलेली असते, कारण जुनी विकून हाती येणाऱ्या पैशांत तितकीच भरवशाची दुसरी गाडी येत नाही.

एका बिघाडाबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण तो पूर्णपणे टाळता येण्याजोगा होता. काही वर्षांपूर्वी एक ओढा ओलांडल्यानंतर मागच्या डिफरन्शियलमधले ऑइल तपासले तर ते राखाडी, दुधाळ आणि फेसाळ झालेले होते. बराच वेळ चाललेल्या गाडीच्या ॲक्सलचे हौसिंग गरम असते. ते थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकुंचन पावते आणि बाहेरून काहीतरी ओढून घेऊ पाहते. हवा येण्यासाठी वर ब्रीदर नावाची छोटी झडप असते, पण माझी चिखलाने बुजलेली होती, त्यामुळे हौसिंगने सीलच्या फटीतून पाणी ओढले. मी वेळीच ऑइल बदलले म्हणून आतले क्राउन-पिनियन गियर वाचले. त्यानंतर ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचे तोंड इंजिनाच्या उंचीपर्यंत वर नेले, आणि तो त्रास पुन्हा झाला नाही. पाण्यातून जाणाऱ्या प्रत्येक पिकअपला, नवी असली तरी, हे काम पहिल्याच महिन्यात करून घ्यावे असे माझे ठाम मत आहे.

चेसिसचे दुखणे असे बोलत नाही. तिची पट्टी आतून पोकळ पेटीसारखी असते, तळाला पाणी निथळण्यासाठी भोके असतात, आणि ती चिखलाने बुजली की ओल आतच मुरत राहते. बाहेरचा काळा रंग चकचकीत असतानाही पत्रा आतून बाहेर असा गंजत येतो. ज्या जागी माझा पेचकस आत गेला तिच्यावर भारही सर्वांत जास्त येतो: डबल कॅबमध्ये प्रवाशांची जागा वाढल्यामुळे हौद्याचा मोठा भाग मागच्या ॲक्सलच्या मागे जातो, तिथे ठेवलेले वजन तरफेसारखे काम करते, आणि प्रत्येक खड्ड्यात चेसिस ॲक्सलच्या वरच्या वळणाशी वाकू पाहते. मी वर्षानुवर्षे डिझेलचे कॅन, हत्यारांची पेटी आणि दुसरी स्टेपनी फळक्याला लागून ठेवत आलो, ही चूक माझीच आहे. तेच वजन कॅबच्या भिंतीला टेकवून ठेवले असते तर त्या वळणावरचा ताण बराच कमी झाला असता.

दोन वेल्डरांना चेसिस दाखवली. एकाने लगेच वरून पट्टी मारून देतो म्हणून सांगितले. दुसऱ्याने आधी हातोडीने दोन्ही बाजू ठोकून पाहिल्या, पलीकडच्या बाजूलाही तितक्याच लांबीत बद्द आवाज आला, तेव्हा त्याने हातोडी खाली ठेवली आणि पट्टी जोडायला धड पत्रा शिल्लक असावा लागतो एवढेच म्हटले. शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने पेटीच्या आतला उरलासुरला रंग जळतो आणि नवा गंज नेमका तिथूनच सुरू होतो. मी दुसऱ्याचे ऐकले.

दुसरे कारण माझ्या मनात त्याहून आधीपासून होते. मागे एकदा रिकाम्या हौद्यासह ओल्या घाटरस्त्याने उतरताना वळणावर मागची चाके सुटली. वेग फार नव्हता, पण पाटे भारासाठी कडक केलेले असतात आणि रिकाम्या गाडीत मागच्या टायरांवर वजनच नसते. गाडी रस्त्यावरच राहिली, यात माझ्या कौशल्याचा भाग थोडाच होता. अशा वेळी स्टिअरिंगची दिशा आणि गाडी प्रत्यक्षात घेत असलेले वळण यांची तुलना करून एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावणारी स्थिरता नियंत्रण प्रणाली १९९५ साली मर्सिडीझच्या गाडीत आली, पिकअपपर्यंत मात्र ती बऱ्याच उशिरा पोहोचली. माझ्या गाडीत ती नाही, आणि मागच्या मधल्या सीटला फक्त कमरेचा पट्टा आहे. जुन्या गाडीच्या एअरबॅगबद्दलही चौकशी करावी: ताकाता कंपनीच्या इन्फ्लेटरमधले अमोनियम नायट्रेट उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षे राहिल्याने अस्थिर होत असल्यामुळे जगभरात कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. आपला चेसिस क्रमांक उत्पादकाच्या यादीत तपासायला पाच मिनिटे लागतात.

नवी पिकअप चार दिवस माझ्या नेहमीच्या वाटांवर चालवून पाहिली. तिचे सर्वांत मोठे बळ मागचा डिफरन्शियल लॉक, म्हणजे मागची दोन्ही चाके एकत्र जखडून सारखी फिरवणारी कळ, हे आहे. तिरप्या उंचवट्यावर समोरासमोरच्या कोनातली दोन चाके हवेत लोंबकळली की साधे डिफरन्शियल सगळी ताकद त्या मोकळ्या चाकाला देऊन मोकळे होते. ट्रॅक्शन कंट्रोल त्या चाकाला ब्रेक लावून ताकद पलीकडे वळवते, पण त्यासाठी आधी चाक फिरू द्यावे लागते आणि गाडी हिसके देते. लॉक लावला तेव्हा तीच जागा तिने एकही चाक न फिरवता पार केली, तर जुन्या गाडीने मी तेथे प्रत्येक वेळी थोडा वेग घेऊन उडी मारल्यासारखा जात असे. उतारावरचे वेगनियंत्रण कर्रकर्र आवाज करत चाकांना आळीपाळीने धरते. ते काम करते, तरी इंजिनाच्या अडीचा तो सलगपणा त्याला नाही. दांड्याऐवजी फिरवायचे बटण आले आहे, आणि लो रेंजचा दिवा स्थिर होईपर्यंतचे काही सेकंद मला शेवटपर्यंत खटकले.

खरी अडचण धुराच्या यंत्रणेची आहे. नव्या डिझेलमधला फिल्टर काजळी साठवतो आणि अधूनमधून सुमारे ६०० अंश सेल्सिअसला ती जाळून टाकतो. त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगात धावावी लागते. दिवसभर लो रेंजमध्ये रांगणाऱ्या गाडीचा सायलेन्सर तितका तापतच नाही, मग ज्वलन अर्धवट राहते आणि त्यासाठी सोडलेले जादा डिझेल काही गाड्यांत इंजिन ऑइलमध्ये उतरते. ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली तर ते याचेच लक्षण असते. ज्यांचे काम केवळ आडवाटांवरच आहे आणि ज्यांची जुनी चेसिस खणखणीत वाजते, त्यांनी या एका कारणासाठी जुनी गाडी ठेवावी असे मी म्हणेन. माझ्या प्रत्येक फेरीत मोठ्या रस्त्याचा तासभर तरी असतो, त्यामुळे माझे भागेल.

वहनक्षमतेत नवी गाडी पुढे नाही, हेही सांगायला हवे. पाच माणसांचे ७५ किलोप्रमाणे ३७५ किलो झाले, त्यात पुढचा लोखंडी बंपर, अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारी विंच, हौद्यावरचे छत आणि दुसरी बॅटरी मिळून दोनशे किलो धरले, तर एका टनातले सव्वाचारशे उरतात, आणि हा हिशेब दोन्ही गाड्यांना सारखाच लागू आहे.

जुनी गाडी मी विकत नाही; रस्त्यावर चालवण्यासाठी ती कोणाला देणे मला योग्य वाटत नाही. तिचे इंजिन, गियरबॉक्स आणि पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी ट्रान्सफर केस सुटे काढून ज्यांना त्याच गाडीसाठी हवे आहेत त्यांना, चेसिसची खरी स्थिती सांगून, देणार आहे. नव्या गाडीची मागणी नोंदवली आहे: अठरा इंचांऐवजी सतरा इंचांच्या रिम, कारण दगडावर आपटताना टायरची उंच भिंतच रिम वाचवते, मागचा लॉक आणि हाताने बदलायचे गियर. पहिल्या चिखलाआधी चेसिसच्या पेटीत आतून मेणाचा फवारा, दोन्ही ब्रीदरना वर नेलेली नळी, आणि पेचकस टेकवलेल्या त्या जागेची दर सहा महिन्यांनी हातोडीने तपासणी, एवढी कामे तिच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहेत.