मायनिंग घ्यावं की जिऑलॉजी?

खाणउद्योगात जायचं नक्की झालं तरी पहिला पेच इथेच पडतो. खाण अभियांत्रिकी घ्यावी की भूशास्त्र? दोन्हीकडची माणसं त्याच खाणीवर, तसंच हेल्मेट घालून वावरत असल्यामुळे बाहेरून फरक दिसत नाही. तो पाहायचा तर कोअरच्या पेटीपाशी जावं.

कोअर म्हणजे ड्रिलने जमिनीतून काढलेला खडकाचा दंडगोल. तो लांबट खणांच्या पेटीत ओळीने मांडून ठेवलेला असतो. भूशास्त्राचा विद्यार्थी तो ओला करतो, भिंग लावतो, सौम्य आम्लाचा थेंब सोडून फेस येतो का बघतो. खनिजाची शीर कुठून कुठे गेली, रंग कुठे पालटला, ते वहीत उतरवतो. मायनिंगचा विद्यार्थी टेप काढतो. एक मीटर लांबीत २७, १९, १४ आणि १२ सेंटिमीटरचे तुकडे निघाले आणि बाकीचे सगळे १० सेंटिमीटरपेक्षा आखूड, तर बेरीज ७२. आरक्यूडी, म्हणजे खडक किती सलग आहे याचं माप, १० सेंटिमीटर आणि त्याहून लांब तुकड्यांवरूनच काढतात; इथे ते ७२ टक्के, खडक मध्यम प्रतीचा. ड्रिलिंगच्या धक्क्याने मोडलेले तुकडे मात्र जुळवून एकच धरायचे. ताजी मोड कुठली आणि खडकात मुळातच असलेली फट कुठली, हे नजरेला कळू लागायला बराच सराव लागतो. पहिला शोधतो यात काय दडलंय. दुसऱ्याला काळजी असते, इथून बोगदा काढला तर वरचं छत टिकेल का याची. प्रत्यक्ष खाणीवर हे टेपचं काम पुष्कळदा भूशास्त्रज्ञालाच करावं लागतं, पण अभ्यासक्रमाचा कल कुठे झुकतो ते यावरून कळतं.

भूशास्त्रात खनिजं, खडकांची घडण, घड्या आणि भ्रंश (खडक तुटून सरकलेल्या जागा), नकाशा काढायची शिबिरं. उन्हात मैलोन्मैल चालायची तयारी हवी आणि अपुऱ्या पुराव्यावरून अंदाज बांधायची सवय हवी. मायनिंगमध्ये सुरुंग, यंत्रं, वाहतूक, खडकाची ताकद, खाणीचं नियोजन, कायदा, आणि मुलं कंटाळतात तो वायुवीजनाचा विषय. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मिथेनचं हवेतलं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान गेलं की एक ठिणगी स्फोटाला पुरते. पंखा किती हवा ढकलतो आणि त्यातली किती कामाच्या जागेपर्यंत पोहोचते, हे गणित चुकलं तर माणसं जातात.

चुकांचं ओझं भूशास्त्रातही आहे, पण वेगळ्या जातीचं. इंडोनेशियातल्या बुसांगचं सोनं आठवा. दळलेल्या नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलं होतं, १९९७मध्ये ते उघड झालं आणि ब्रे-एक्स ही कॅनडाची कंपनी कोसळली. गुंतवणूकदारांचे अब्जावधी डॉलर बुडाले. त्यानंतर २००१मध्ये कॅनडाने नियम केला की साठ्याबद्दलची तांत्रिक माहिती जाहीर करताना पात्र व्यक्तीने तिची जबाबदारी घ्यायलाच हवी. ऑस्ट्रेलियाच्या जॉर्क संहितेत, म्हणजे साठे जाहीर करण्याच्या तिथल्या नियमावलीत, तर अशा व्यक्तीला त्याच प्रकारच्या साठ्याचा किमान ५ वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे पदवी हातात आली तरी सहीला किंमत यायला वेळ लागतो. मायनिंगवाल्यांचंही तसंच आहे: अनेक देशांत खाणीचा व्यवस्थापक व्हायला पदवीनंतर अनुभव आणि सक्षमतेचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. तुमचं स्वप्न व्यवस्थापकाच्या खुर्चीचं असेल तर भूशास्त्राची वाट सहसा तिथे जात नाही, हे आधीच माहीत असू द्या.

नोकरीचं म्हणाल तर धातूंचे भाव पडले की कंपन्या आधी नव्या साठ्यांचा शोध थांबवतात, आणि त्या कामावरचे भूशास्त्रज्ञ घरी बसतात. चालू खाणीला अभियंता लागतोच. पण भूशास्त्रज्ञाला खाणीबाहेरही दारं उघडी असतात: भूजल, धरणांचे पाये, दरडी, पर्यावरण. मायनिंगवाल्याकडे बोगदे आणि दगडखाणी आहेत, यादी त्यामानाने आखूड.

दोन्ही वाटा भूतंत्र शाखेत, म्हणजे खडक आणि उतार किती टिकतील हे पाहणाऱ्या शाखेत, एकत्र येतात, आणि मन अडलेलं असेल त्याला मी तिकडेच बोट दाखवतो. अमेरिकेतल्या युटामधल्या बिंगहॅम कॅनियन या तांब्याच्या उघड्या खाणीत १० एप्रिल २०१३ला डोंगराएवढा उतार खाली आला. रडार आणि इतर उपकरणांवर तो सरकताना आधीच दिसत होता, म्हणून माणसं वेळेत बाहेर काढली होती. कुणालाही इजा झाली नाही. असं काम करायला खडकाचा इतिहासही कळावा लागतो आणि त्याचं बळही.

मुलींनी एक गोष्ट वेगळी तपासावी. १९३५च्या आंतरराष्ट्रीय करारामुळे पुष्कळ देशांत स्त्रियांना भूमिगत खाणीत काम करायला बंदी होती. बऱ्याच ठिकाणी ती उठली आहे, पण ज्या देशात नोकरी करायची तिथला आजचा कायदा वाचून मगच शाखा ठरवा.

कॉलेज निवडताना फ्रायबर्गची आठवण ठेवा. जर्मनीतली ही खाण अकादमी १७६५ची. निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट तिथे शिकत होता तेव्हा सकाळ खाणीत जायची आणि दुपारनंतर वर्ग असायचे. आजच्या माहितीपत्रकांत प्रयोगशाळांचे फोटो भरपूर असतात, त्यांवर जाऊ नका. शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठा. किती दिवस खाणीत होतात ते विचारा, आणि तिथे वाऱ्याचा वेग स्वतःच्या हाताने मोजलात की कुणाच्या तरी मागून नुसतं फिरून आलात, तेही विचारा.