ज्वारीच्या मुलखात बिनधान्याचा डबा

पॅलिओ, म्हणजे धान्य-डाळी सोडून आदिमानवासारखं खाणं, सुरू केलं की लातुरात पहिली अडचण येते ती रश्श्याची. मटण चालतं, पण रस्सा कशानं मिळून आलाय हे कोण सांगणार? आपल्याकडे त्यात येसर पडतो. गहू, हरभऱ्याची डाळ, कुणाकडे ज्वारी-बाजरी, सोबत धने, मिरे, दालचिनी, सगळं भाजून दळलेलं. येसर नसेल तर डाळवं वाटून लावतात, तेही नसेल तर शेंगदाण्याचं कूट. म्हणजे भाकरीला हात न लावता उठलात तरी धान्य आणि डाळ दोन्ही पोटात गेलेलं असतं. शहरातल्या एका हॉटेलात मी वेटरला तीनदा विचारलं, त्यानं तीनदा "काहीच नाही साहेब" म्हणून सांगितलं, आणि वाटीच्या तळाशी डाळव्याचा गाळ बसलेला होता. म्हणून औसा रोडच्या आतल्या बाजूला एक ताई जो घरगुती डबा देतात, त्याबद्दल सविस्तर लिहितो.

मी मार्केट यार्डात आडतीवर मुनीम आहे. तूर, हरभरा, सोयाबीन यांच्या पोत्यांमध्येच माझा दिवस जातो, घर त्यावरच चालतं. त्यामुळे डाळीला मी वाईट म्हणणार नाही. वजन वाढलं होतं, दुपारी जेवून गादीवर बसलं की डोळे मिटायचे, म्हणून हे खाणं धरलं. वर्ष उलटून गेलं. वजन उतरलं, दुपार हलकी झाली. माझ्यापुरतं हे खरं आहे, तुमच्यापुरतं तुम्ही बघा. शुगरची गोळी चालू असेल किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय धान्य अजिबात बंद करू नका. धान्य सुटलं आणि गोळी तीच राहिली तर शुगर एकदम खाली येऊ शकते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात नियम. धान्य नाही, डाळी-कडधान्यं नाहीत, शेंगदाणाही नाही कारण तो शेंगवर्गातलाच. दूध, दही, ताक नाही. साखर आणि गूळ नाही. रिफाइंड तेल नाही. मांस, मासळी, अंडी, भाज्या, फळं, रताळ्यासारखे कंद, सुकामेवा आणि बिया चालतात. एवढं ऐकून आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी मला विचारलं, "मग खायलाव काय तुम्ही?" प्रश्न बरोबर आहे. मराठवाड्यात ज्वारी, तूर आणि शेंगदाणा काढला की चुलीवर फारसं काही उरत नाही, आणि जे उरतं ते रोज, चवीनं, ठरलेल्या वेळेला करून देणारं माणूस मिळत नाही.

ताईंचा मुख्य धंदा शिकवणीच्या मुलांचे डबे. नीटची तयारी करणारी पोरं बाहेरगावाहून लातुरात येतात, त्यांना पोळी-भाजी, वरण-भात. त्याच स्वयंपाकघरात, वेगळ्या शेगडीवर आणि वेगळ्या भांड्यांत, पॅलिओवाल्यांचे थोडेसे डबे होतात. भाजीचा डबा १३० रुपये, अंड्याचा १५०, मटणाचा २२०. बुधवार, शुक्रवार आणि रविवार मटणाचे. सोमवारी, शनिवारी आणि एकादशीला अंडंसुद्धा नाही.

आता डब्यात काय येतं ते सांगतो. मटणाचा रस्सा पातळ असतो, आणि तो तसाच असायला हवा. कांदा, सुकं खोबरं, खसखस आणि तीळ भाजून पाट्यावर वाटलेलं वाटण, त्यात ताईंचा घरचा काळा मसाला. मी सवयीनं रस्सा काचेच्या ग्लासात ओतून पाच मिनिटं ठेवतो. वर लालभडक तवंग येतो, खाली वाटणाचे कण बसतात, पण तो पिठाचा चिकट, पांढुरका थर दिसत नाही. मटण बोकडाचं, उस्मानाबादी जातीचं, कोवळं असतं, चरबीचे एकदोन तुकडे आवर्जून ठेवलेले असतात आणि त्यांच्याच तेलावर फोडणी होते. हा डबा दोनशे वीसला महाग नाही. मटणाचा भाव बघा आणि मग बोला.

माझ्या मते ताईंची खरी करामत मात्र भाज्यांत आहे. अंबाडीची भाजी आपल्याकडे ज्वारीच्या कण्या, तुरीची डाळ आणि शेंगदाणे घालूनच करतात, त्याशिवाय आंबटपणा आवरत नाही. ताई अंबाडी उकडून पिळतात, लाल भोपळ्याची फोड शिजवून त्यात घोटतात आणि वरून भरपूर लसणाची फोडणी देतात. भोपळ्यानं ती मिळूनही येते आणि आंबटही बेताची राहते. वांग्यात कुटाऐवजी तीळ आणि काराळ. तोंडी लावायला जवसाची चटणी, कधी काराळाची. पावसाळ्यात तांदुळजा, घोळ, पाथरी, शेवग्याचा पाला. दूध सुटल्यावर कॅल्शियमची चिंता करावी लागते, ती तीळ आणि शेवग्याच्या पाल्यानं थोडीफार भागते, म्हणून हे दोन्ही आठवड्यात यायलाच हवेत असा माझा आग्रह असतो आणि ताई तो मानतात.

हिंगाची गोष्ट सांगितली पाहिजे. सुरुवातीच्या दिवसांत मी डबा लावण्याआधी स्वयंपाकघर बघायला गेलो होतो. ताईंनी मसाल्याचा डबा उघडला, तेलाचे डबे दाखवले, मीठसुद्धा दाखवलं. फळीवर हिंगाची डबी होती. मी ती हातात घेतली आणि मागची बारीक अक्षरं वाचून दाखवली. डिंक, गव्हाचं पीठ आणि मग हिंग. बाजारात मिळणारा बांधणीचा हिंग बहुतेक असाच असतो, खडा हिंग वेगळा. ताईंनी डबी माझ्या हातातून घेतली, खिडकीशी नेऊन स्वतः वाचली. "दादा, इतकी वर्षं हात लावायले याला, कधी वाचलंच नव्हतं," म्हणाल्या, आणि डबी उचलून पोरांच्या शेगडीकडच्या फळीवर ठेवली. तेव्हापासून आमच्या डब्याला लसूण आणि ओवा. चिमूटभर हिंगातल्या पिठानं माझं वजन वाढलं नसतं हे मलाही कळतं. पण जी बाई चिमटीचा हिशोब मानते ती वाटीचा लपवणार नाही, हे मला त्या दिवशी कळलं आणि मी महिन्याचे पैसे आगाऊ दिले.

नियम किती कडक पाळायचा, यावर पॅलिओवाल्यांत कायम वाद असतो. माझं मत सांगतो. बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर या दोघा अमेरिकी अभ्यासकांनी १९८५ मध्ये अश्मयुगीन आहारावर लेख लिहिला, तिथून हा विषय वैद्यकात गंभीरपणे घेतला गेला. पुढे लॉरेन कॉर्डेन यांनी तो घराघरांत नेला, आणि त्या कडक समजल्या जाणाऱ्या कॉर्डेन यांनीही नवख्याला आठवड्यात तीन जेवणं मोकळी, म्हणजे नियमाबाहेरची, दिली आहेत. रुळलेल्याला दोन, पक्क्याला एक. म्हणजे मोकळं जेवण हा पद्धतीचाच भाग आहे, त्याला चोरी म्हणायचं कारण नाही. आणि आदिमानव धान्य खातच नव्हता असंही छातीठोक म्हणता येत नाही. मोझांबिकमधल्या एका गुहेत सुमारे १ लाख वर्षांपूर्वीच्या दगडी हत्यारांवर रानज्वारीचे पिष्टकण सापडल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. आपलीच ज्वारी, तिचा रानातला पूर्वज. डाळींतल्या लेक्टिन नावाच्या प्रथिनाचा बाऊ केला जातो, पण नीट शिजवल्यावर ते बहुतेक निकामी होतं.

तरीही मी कडक पाळतो, कारण रेघ स्पष्ट असली की रोज स्वतःशी घासाघीस करावी लागत नाही. आडतीच्या वहीसारखं आहे हे: उधारी लिहून ठेवलेली असेल तर तिचा त्रास नाही, पेढी बुडते ती न लिहिलेल्या उचलीनं. ठरवून, चारचौघांत, ताटात मांडून खाल्लेली भाकरी मला चालते. रश्श्यात विरघळून आलेलं पीठ चालत नाही, आणि "एवढ्यानं काय होतंय" म्हणत कुणी वाढलेली अर्धी पोळीही नाही.

चहाचं तेवढं अवघड आहे. यार्डात शेतकरी माल घेऊन येतो, पट्टी, म्हणजे मालाचा हिशोब, व्हायच्या आधी चहा येतो. तो नाकारला तर समोरच्याला वाटतं, भावात काहीतरी गडबड आहे. पहिले काही महिने मला यावर मार्ग सापडत नव्हता. ताईंनी तो काढला. डब्याबरोबर एका छोट्या थर्मासमध्ये गवती चहा आणि आल्याचा काढा द्यायला लागल्या, दहा रुपये जास्त. चहा आला की मी समोरच्याबरोबर माझा कप भरतो. कप हातात असला की कुणी काही विचारत नाही. ज्यांची कामं माणसांत बसून चालतात त्यांनी ही सोय जरूर मागून घ्यावी, आपणहून त्या सांगत नाहीत.

आता उणिवा. तेल पहिली. करडईचं घाण्याचं तेल आपल्या मातीतलं, पण त्यात ओमेगा-६ जातीची चरबी फार, म्हणून पॅलिओवाले ते टाळतात. शेंगदाण्याचं तर प्रश्नच नाही. ताई भाजीला खाद्य खोबरेल तेल वापरतात. नियमात ते चोख बसतं, पण आपल्याकडे खोबरेल डोक्याला लावायचं, जिभेला त्याची सवय नाही. मटणात कळत नाही, दोडक्यात आणि भेंडीत स्पष्ट कळतं. तूप वापरा म्हणणारे गिऱ्हाईक आहेत, पण तूप दुधाचं, कडक नियमात ते बाद. ताई मागणाऱ्याला तुपात करून देतात आणि त्या डब्यावर तसं लिहितात, हे मला आवडलं. माझी सूचना एवढीच की हलक्या भाज्यांची फोडणी थोडक्या तेलात द्यावी आणि ओल्या खोबऱ्याचा हात वाढवावा.

दुसरी उणीव सोमवार-शनिवारची. त्या दिवशी मांस नाही, अंडं नाही, डाळ नाही, दही नाही. भाजी कितीही चांगली असली तरी चार वाजता पोट ओरडतं. उकडलेलं रताळं आणि मूठभर बदाम येतात, ते माझ्यासारख्या बसून काम करणाऱ्याला कसेबसे पुरतात, हमाली करणाऱ्याला पुरणार नाहीत. एकादशीला तर गंमत अशी की उपासाला चालणारी भगर आणि शेंगदाणे यांतलं काहीच पॅलिओला चालत नाही. दोन्हीकडे चालतात ती रताळी, फळं आणि खोबरं. बीडकडची सीताफळं आणि जालन्याची मोसंबी हंगामात असतात तेव्हा ताई ती भरपूर देतात आणि तो दिवस निभतो. हंगाम नसला की केळी.

मीठही हाताला जास्त आहे. सांगितलं की दोन दिवस कमी होतं, मग पुन्हा तेच.

श्रावणात पॅलिओचा डबा पूर्ण बंद असतो. ताई आधीच स्पष्ट सांगतात, "श्रावणात माझ्याच्यानं मटण शिजवणं होत नाही, दादा. तुम्ही महिनाभर दुसरी सोय बघा." महिन्याचे पैसे घेऊन मधेच टांग मारण्यापेक्षा हे कितीतरी बरं. मी त्या महिन्यात घरी अंडी आणि मासळी करतो.

वेळ अमावस्या या आपल्याकडच्या शेतातल्या सणालाही डबा बंद, आणि त्या दिवशी ते तसंच असायला हवं. लातूर आणि धाराशिवमध्ये त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते, शहर ओस पडतं, सगळे शेतात. कडब्याची कोप करून पांडवांची पूजा होते, आणि मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. भज्जीत सोलाणे, तुरीचे ओले दाणे, वाटाणे, वर बेसन. आंबील ज्वारीची आणि ताकाची. पॅलिओच्या नियमानं यातलं काहीच बसत नाही. मी सगळं खातो. त्या आठवड्याचं माझं एक मोकळं जेवण ते असतं, आधीपासून ठरलेलं, आणि पोट भरून खातो. माझ्या भावजयीनं पहाटे तीनला उठून केलेल्या भज्जीसमोर नियम सांगत बसणाऱ्याचं पथ्य मला मान्य नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा अंबाडी आणि मटण.

नवा डबा लावणाऱ्यांनी आदल्या रात्री आठच्या आत फोनवर सांगावं लागतं, सकाळी सांगितलेलं चालत नाही, कारण मटण पहाटे आणतात. डबा स्टीलचा, दोन संच आपण द्यायचे. पहिल्या दिवशी स्वयंपाकघर बघायला जरूर जा, त्यांना राग येत नाही. आणि आपलं काय चालतं, काय नाही, हे कागदावर लिहून द्या. त्या तो कागद शेगडीजवळ चिकटवतात.

माझी एकच मागणी उरली आहे. बाजारात धरणातली रोहू आणि कटला ताजी मिळते, मटणापेक्षा स्वस्त पडते. मंगळवार आणि गुरुवार मासळीचे केले तर आठवड्यातले दोन नुसते अंड्याचे दिवस भरून निघतील. काटे काढायला वेळ जातो असं ताई म्हणतात, पण शेपटीकडचे तुकडे त्यांच्या घरच्यांना आणि मधले मोठे तुकडे डब्याला, असं त्यांना जमू शकतं. ते सुरू झालं तर दुपारच्या जोडीला संध्याकाळचा डबाही मी त्यांच्याकडेच लावीन, आणि यार्डातले अजून तीनचार जण माझ्याबरोबर यायला तयार आहेत.