लॅमिनेटखाली सेल्फ लेव्हलिंगची २५ किलोची पिशवी: कुठे कामाची, कुठे नाही

कोब्यातले खड्डे पातळ सिमेंटच्या घोळाने भरायची पद्धत आपल्याकडे अजून चालते. तो घोळ तडकतो, पापुद्रे निघतात. त्यापेक्षा सेल्फ लेव्हलिंगची, म्हणजे पाण्यात घोटून ओतली की आपोआप सपाट पसरणाऱ्या सिमेंटच्या पावडरीची ही पिशवी नक्कीच सरस आहे, पण फक्त उंचसखल काढण्यासाठी. ओल ती थांबवत नाही.

आधी दोन मीटरची ॲल्युमिनियम पट्टी सगळीकडे फिरवा. खाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसली तरच खर्च करा. फट तशीच ठेवली तर पाय पडल्यावर लॅमिनेटची फळी दबते, खटखट वाजते आणि शेवटी तिचा शेजारच्या फळीत अडकणारा लॉक तुटतो. उंचवटे मात्र ग्राइंडरनेच घासा. एका टेंगळापायी अख्खी खोली वर उचलण्यात पैसे वाया जातात.

कोबा ठोकून बघा. बद्द आवाज आला तर तेवढा भाग फोडून नव्याने करा. रंगाचे थेंब, तेल, धूळ राहिली तर थर सुटून येतो, म्हणून झाडून, व्हॅक्यूम मारून प्राइमर लावायलाच हवा. तहानलेला कोबा प्राइमरशिवाय मिश्रणातलं पाणी ओढून घेतो, मग ते पसरत नाही आणि वर बारीक फोड येतात.

एक चौरस मीटरवर १ मिमी थराला साधारण १.७ किलो पावडर लागते. १० बाय १२ फुटांच्या खोलीत सरासरी ३ मिमी धरले तर ५७ किलो, म्हणजे तीन पिशव्या. पाणी पिशवीवर लिहिलंय तेवढंच, मापाने. जास्त पाण्याने पावडर तळाला बसते आणि वरचा थर भुसभुशीत होतो. दोन-तीन मिनिटं ड्रिलच्या पॅडलने घोटा, ओता आणि लगेच काटेरी रोलर फिरवा. मिश्रण वीस-तीस मिनिटांत आवळतं, एप्रिल-मेच्या उन्हात त्याहून लवकर. म्हणून एकाने घोटायचं, दुसऱ्याने ओतायचं. एकट्याचं हे काम नव्हे.

ओलीचं वेगळं बघा. बेळगावकडच्या खानापूर पट्ट्यातल्या पावसात तळमजल्याचा कोबा वरून कोरडा वाटतो. दीड फूट चौरस प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी उचला. खाली थेंब किंवा काळपट डाग दिसला तर थांबा. कोरडं असलं तरी २०० मायक्रॉनचं प्लास्टिक एकावर एक २० सेंमी चढवून, सांधे टेप करून अंथरा, लॅमिनेटखालचा फोम त्यावर.

पावसाळ्यात पिशवी घेताना बाहेरून दाबून बघा. गुठळ्या हाताला लागल्या तर दुकानातच परत करा.