अकोल्याचं ऊन आणि गाडीतला कॅमेरा: अकरा महिने वापरल्यानंतर

पुढच्या काचेवर बसून रस्त्याचं चित्रण करणारा माझा आधीचा कॅमेरा (डॅशकॅम) गेला तेव्हा तो काचेवर नव्हताच. संध्याकाळी ऑफिसमधून निघालो तर ड्रायव्हरच्या सीटखाली पडलेला सापडला. मे महिना होता. आमची पार्किंग म्हणजे एमआयडीसीतलं उघडं मैदान, आणि गाडी सकाळी साडेनऊपासून उन्हात. उचलला तर हाताला चटका बसला. मागच्या प्लास्टिकचं पोट सुटलं होतं, जोड उसवला होता आणि फटीतून चंदेरी पाकीट डोकावत होतं. आतली लिथियम बॅटरी फुगली होती.

खरं तर तो महिनाभर आधीपासून सांगत होता. गाडी सुरू केली की तारीख १ जानेवारीवर जायची, आणि प्रत्येक फेरीची शेवटची फाइल उघडायचीच नाही. मी आपला रोज सकाळी तारीख दुरुस्त करत बसायचो.

त्यानंतर ऑगस्टमध्ये पुढचा आणि मागचा असे दोन कॅमेरे असलेला, बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटरवाला सेट घेतला. त्याला आता अकरा महिने झाले, आणि त्यात अकोल्याचा एक अख्खा उन्हाळा आला. चित्र कसं येतं, रात्री नंबरप्लेट वाचता येते का, हे सांगणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. मी फक्त ऊन आणि वीज या दोनच गोष्टींबद्दल लिहिणार आहे, कारण आपल्याकडे कॅमेरा मरतो तो यांनीच.

सुपरकपॅसिटरबद्दल दुकानात भलताच गोंधळ आहे. मला विकणाऱ्याने सांगितलं, "याला बॅटरीच नाही, म्हणजे पार्किंगमध्ये कितीही वेळ चालेल." उलटं आहे. कपॅसिटरमध्ये वीज मावते ती काही सेकंदांची. त्याचं काम एकच: बाहेरची वीज गेली की चालू फाइल नीट बंद करायची. व्हिडिओ फाइलची सूची बहुतेक वेळा अगदी शेवटी लिहिली जाते. ती लिहायच्या आत वीज गेली तर तीन मिनिटांचं चित्रण कार्डावर असूनही उघडत नाही. आणि अपघातात वायर तुटते ती नेमकी त्याच क्षणी, म्हणजे हवी असलेली फाइलच हातातून जाते. माझ्या जुन्या कॅमेऱ्याची बॅटरी बसली होती, म्हणून शेवटची फाइल उघडत नव्हती.

हे घरी तपासता येतं. कॅमेरा चालू असताना वायर ओढायची आणि दिवा विझेपर्यंत सेकंद मोजायचे, मग कार्ड काढून शेवटची फाइल उघडून बघायची. नवा असताना माझा सात सेकंद टिकायचा. हा आकडा लिहून ठेवा, पुढे लागतो. कपॅसिटरही अमर नसतो. ढोबळ नियम असा की दर दहा अंश वाढीव उष्णतेमागे त्याचं आयुष्य निम्मं होतं. फक्त तो लिथियमसारखा फुगून काच सोडत नाही.

आता वायरिंग. पार्किंगमध्ये कॅमेरा चालवायचा तर गाडीच्या बॅटरीवरून वेगळं किट लावावं लागतं. त्यात तीन वायरी असतात: एक कायम चालू, एक चावी फिरवल्यावर चालू होणारी आणि एक अर्थिंगची. गाडीची मूळ वायर न कापता फ्यूज टॅपवर, म्हणजे फ्यूजच्या जागी बसून वीज काढून देणाऱ्या जोडावर, बसवून घ्या. मी गांधी रोडच्या बाजूला एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. माणूस हाताचा साफ होता, पण पुढच्या काचेच्या कडेच्या खांबाच्या प्लास्टिकमागे वायर सरळ एअरबॅगच्या पिशवीवरून खेचायला निघाला. मी थांबवलं तर म्हणाला, "काही नाही होत भाऊ, सारे लोकं असंच ठेवते." होत नाही तोपर्यंत होत नाही. पिशवी उघडताना वायर आडवी आली तर ती नीट उघडणार नाही, किंवा ती वायरच चाबकासारखी अंगावर येईल. मी हट्टाने वायर पिशवीच्या मागून घ्यायला लावली. वीस मिनिटं जास्त गेली आणि चहा माझ्याकडून झाला.

त्याच "काही नाही होत"च्या भरात किटवरचं बटण ११.८ व्होल्टवर राहिलं. बॅटरी इतकी उतरली की कॅमेरा बंद कर, असा त्याचा अर्थ. पंधरा दिवसांनी एका सोमवारी सकाळी चावी फिरवली आणि नुसतं टक्-टक्-टक्. शुक्रवारी संध्याकाळी साडेसहापासून गाडी दारात उभी होती. ६३ तास.

मग दहा मिनिटं कागद-पेन घेऊन बसलो, जे आधीच करायला हवं होतं. दोन्ही कॅमेरे चालू असताना यूएसबी मीटर ५ व्होल्टला ०.९ अँपिअर दाखवतो, म्हणजे साडेचार वॅट. किटमधली गळती धरून पाच वॅट धरा. बारा व्होल्टवर ते साधारण ०.४२ अँपिअर होतात. ऐकायला काहीच नाही. पण ६३ तासांचे झाले २६ अँपिअर-तास, आणि माझ्या छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरीच ३५ची, तीही तीन वर्षं जुनी. पूर्ण भरलेली शिशाची बॅटरी उभ्या गाडीत १२.६-१२.७ व्होल्ट दाखवते. १२.२ला ती अर्धी झालेली असते आणि १२ला जेमतेम पाव उरते. ११.८वर कॅमेरा बंद होणं म्हणजे घोडा पळाल्यावर तबेल्याला कडी. शिवाय गाडीची बॅटरी सेल्फ मारायला बनवलेली असते, रोज रिकामी करायला नाही. सारखी अर्धी उतरवली की दोन वर्षांत बदलावी लागते.

गोरक्षण रोडवरून ऑफिसपर्यंत मला वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी भरतो तो) तरी किती भरणार, त्यात एसी चालू. दिवसाचे नऊ तास आणि अख्खी रात्र कॅमेरा चालवला तर मी रोज जमेपेक्षा जास्त खर्च करत होतो. बटण १२.४वर नेलं तेव्हा हे उघड झालं: रात्री एक-दीडच्या सुमारास कॅमेरा झोपतो. चालेल मला. गाडी सकाळी सुरू व्हायला हवी, ही पहिली अट.

मधे एक महागडा प्रयोगही केला. कॅमेऱ्यासाठी वेगळा लिथियम आयर्न फॉस्फेटचा पॅक मिळतो. तो सीटखाली ठेवायचा, गाडी चालताना भरतो आणि उभी असताना कॅमेऱ्याला वीज देतो. गाडीच्या बॅटरीला हातच लागत नाही. १२.८ व्होल्ट आणि ६ अँपिअर-तास म्हणजे सुमारे ७७ वॅट-तास, तेव्हा माझे दोन कॅमेरे हिशोबाने चौदा-पंधरा तास चालायला हवेत. डिसेंबर-जानेवारीत रविवारी अमरावतीला जाऊन आलो की पॅक टम्म भरायचा. पण एरवीच्या वीस मिनिटांत तो पावही भरत नव्हता. मार्च संपता संपता दुसरीच गंमत सुरू झाली. संध्याकाळी गाडी सुरू केली तरी पॅक चार्जिंगच घेईना, लाल दिवा लुकलुकत राही. बिघडला असं वाटलं. बिघडला नव्हता, शहाणा होता. अशा सेलना साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, म्हणून आतला सर्किट बोर्ड नकार देत होता. गाडी आतून थंड होऊन तो राजी होईपर्यंत माझं घर येई.

तो पॅक आता पुण्यात मेहुण्याच्या गाडीत आहे. तो रोज हिंजवडीला जातो-येतो, दोन्ही वेळा तासभर ट्रॅफिकमध्ये असतो, आणि गाडी तळघरात लागते. त्याच्याकडे अगदी छान चालतो. वस्तू वाईट नव्हती, माझा रस्ता आखूड पडला आणि माझं गाव गरम. मोबाइलची पॉवर बँक कॅमेऱ्याला जोडून गाडीत ठेवणाऱ्यांना मात्र हात जोडून विनंती आहे, नका ठेवू. माझ्या फुगलेल्या कॅमेऱ्यातली बॅटरी बोटाएवढी होती. पॉवर बँकेत तशा पंचवीस-तीस मावतील.

उन्हाचं मोजमाप मी फिशटँकसाठी मिळतो त्या वायरवाल्या थर्मामीटरने केलं. १३० रुपये. त्याचं टोक कॅमेऱ्याच्या पाठीला चिकटवलं आणि डबा सीटवर ठेवला. बायको म्हणाली, "आता एक कूलर त्या कॅमेऱ्यालाच लावा." नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी तीनला बाहेर ४४ असताना कॅमेरा बंद ठेवूनही पाठीवर ६८ दिसले. आकडा पाहून चक्रावलो, पण अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या लोकांनी २०१८मध्ये छापलेल्या अभ्यासात उन्हात तासभर उभ्या गाड्यांचे डॅशबोर्ड सरासरी ६९ अंशांवर गेले होते, आणि तिथे बाहेरचं तापमान आपल्यापेक्षा कमीच होतं. कॅमेरा चालू असेल तर त्याची स्वतःची उष्णता वर चढते. एकदा चालू ठेवून पाहिला तर पंचाहत्तरच्या आसपास जाऊन तो आपणहून बंद पडला.

मग काचेला लावायची चंदेरी छत्री घेतली. सीट थंड, स्टिअरिंग थंड, आणि कॅमेरा ७३! पाच अंश वाढले. थोड्या वेळाने डोक्यात प्रकाश पडला. कॅमेरा काचेला चिकटलेला, छत्री त्याच्या आतल्या बाजूला, म्हणजे तो बिचारा तापलेली काच आणि चकाकता पडदा यांच्यात सँडविच झाला होता. छत्रीने परतवलेलं ऊन त्याच्या पाठीवर. जे छत्री लावून निश्चिंत असतात त्यांनी एकदा मोजून बघाच. मी छत्रीऐवजी पुठ्ठ्यासारखी घडीची शेड घेतली, आरशाजवळ कॅमेऱ्याएवढी खाच कापली, आणि बाहेरून काचेच्या तेवढ्याच भागावर वायपरखाली दाबलेली पांढऱ्या कापडाची पट्टी टाकतो. आता ५८-५९. कडुनिंबाखाली जागा मिळाली तर पन्नाशीच्या आत, पण तिथे साहेबांची गाडी असते.

काचेला काळी फिल्म लावा, असं दोघांनी सुचवलं. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे हा नियम आहे. शिवाय पुढच्या काचेवर गडद काही लावलं तर कॅमेऱ्यालाच रात्री दिसणार नाही.

कापडाची पट्टी टाकली की कॅमेऱ्यापुढे अंधार, म्हणजे दिवसाचं पार्किंग रेकॉर्डिंग गेलं. इथे मी बरेच दिवस अडलो होतो. पैसे मोजलेत तर चोवीस तास चाललं पाहिजे, असं वाटायचं. आता एप्रिल ते जून दुपारी कॅमेरा सरळ बंद ठेवतो. किटच्या वायरीत एक साधा स्विच बसवून घेतलाय. सकाळी उतरताना बंद, संध्याकाळी निघताना चालू. ऑफिसच्या फाटकावर तसाही वॉचमन आणि कंपनीचा कॅमेरा आहे. माझ्या पाचशे रुपयांच्या बंपरसाठी हजारोंचा कॅमेरा भाजून काढण्यात अर्थ नव्हता.

त्यातही एक भोक राहतं आणि ते मला महागात पडलं. संध्याकाळी सहाला गाडी सुरू केली की कॅमेरा अजून तापलेला असतो. तो "तापमान जास्त आहे" असं इंग्रजीत पुटपुटून परत झोपतो आणि आठ-दहा मिनिटांनी जागा होतो. म्हणजे उन्हाळ्यात माझ्या वीस मिनिटांच्या वाटेतली निम्मी वाट बिनकॅमेऱ्याची. मे महिन्यात फाटकातच एका पिकअपने रिव्हर्स घेताना दिवा फोडला आणि ड्रायव्हर मलाच म्हणाला, तुम्ही पुढे आलात. मी रुबाबात आरशाकडे बोट दाखवलं. कॅमेरा काळा ठिक्कर. तेव्हापासून काचा उघडून दोन मिनिटं गरम हवा बाहेर सोडतो आणि मग एसीची हवा पायांकडे न सोडता सरळ पुढच्या काचेवर सोडतो. तीन-चार मिनिटांत कॅमेरा जागा होतो. पावसाळ्यात असं करू नका, काचेवर बाहेरून धुकं धरतं.

रात्रीच्या रेकॉर्डिंगने मात्र पैसे वसूल केले. एका सकाळी डावा आरसा दुमडलेला आणि काच तडकलेली दिसली. शेजारच्या पोरांवर संशय होता, त्यांच्या आईला बोलायचंच बाकी होतं. फाइल उघडली. रात्री ११.४०, एक गोऱ्हा डुलत डुलत आला, मान वाकडी करून आरशावर निवांत चार मिनिटं खाजवून घेतलं, आणि दुसरी बाजू राहिली म्हणून वळून परत आला. पोरांना तो व्हिडिओ दाखवला, आता ते त्या गोऱ्ह्याला माझ्या नावाने हाक मारतात.

घ्यायचाच असेल तर: कपॅसिटरवाला कॅमेरा, १२.४ व्होल्टपर्यंत बटण असलेलं किट, एक स्विच, आणि सतत लिहिणं-पुसणं सोसणारं हाय एंड्युरन्स मेमरी कार्ड. साध्या कार्डाचं आयुष्य या कामात लवकर संपतं. चिकटपट्टी आरशामागच्या काळ्या ठिपक्यांवर लावू नका, तिथे ती धरत नाही. साफ काचेवर, ठिपक्यांच्या खाली लावा.

मागच्या कॅमेऱ्याचं काही करता आलं नाही. तो मागच्या काचेवर डिफॉगरच्या (काचेवरचं धुकं घालवणाऱ्या) तांबूस रेघांवर चिकटला आहे, ओढून काढला तर रेघ सोबत येईल अशी भीती. त्यामुळे अख्खा उन्हाळा तो उन्हातच होता. त्याच्या पट्टीचा वरचा कोपरा सुटलाय, चित्र थोडं खाली झुकलंय, आणि आता मागच्या गाडीपेक्षा माझी डिकीच जास्त दिसते. परवा वायर ओढून सेकंद मोजले. सात होते, पाच झाले. फाइल उघडली.